मातिसचा लाल स्टुडिओ, मालेविचचा काळा चौकोन... यात नेमकं बघायचं काय?

कोरा_कागद:
गेले दोन महिने १९०० ते १९२० मधली चित्रं बघायचा नाद लागलाय. क्लिम्टचं 'द किस' लगेच आवडलं, त्यातलं सोनं, ते फुलांचं गालिच्यासारखं गवत, कोणी समजावून सांगायची गरजच पडली नाही. पण मातिसचं 'द रेड स्टुडिओ' (१९११) उघडलं की मला नुसतं लाल पान दिसतं आणि त्यावर रेघांनी काढलेलं टेबल-खुर्ची. मालेविचच्या 'ब्लॅक स्क्वेअर'चं तर विचारूच नका, काळा चौकोन आणि पांढरी कड, बस. लोक यावर पानंच्या पानं लिहितात म्हणजे माझ्याच नजरेतून काहीतरी सुटतंय हे नक्की. इतिहास नका सांगू, तो वाचलाय. चित्रासमोर बसल्यावर नजर कुठे न्यायची तेवढं सांगा.

तेलकट_बोटं:
मी स्वतः तैलरंगात काम करते म्हणून त्या बाजूने सांगते. रेड स्टुडिओमधल्या ज्या रेघा तुला लालावर काढलेल्या वाटतायत ना, त्या काढलेल्याच नाहीयेत! आधी ही खोली लाल नव्हतीच, भिंती निळसर, जमीन गुलाबी, फर्निचर पिवळट असं सगळं रंगवून झालं होतं आणि मग मातिसने त्यावरून लाल फिरवला, फक्त टेबलाच्या, खुर्चीच्या, घड्याळाच्या कडेला बारीक फट सोडत सोडत. म्हणजे रेघ दिसते तिथे खालचा जुना रंग डोकावतोय. चित्र मोठं करून एकेक कड बघत जा, रेघेचा रंग आणि जाडी सगळीकडे सारखी नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अर्धा दिवस दुसरं काही केलं नाही, कारण इतका मोठा, साधारण १८१ बाय २१९ सेंटीमीटरचा कॅनव्हास, त्यावरचं बहुतेक सगळं झालेलं काम झाकून टाकायला काय धीर लागत असेल. आणि मधल्या उभ्या घड्याळाला काटे नाहीत बघ. टेबल-खुर्ची सगळं लालात बुडालंय आणि भिंतीवरची त्याची स्वतःची चित्रं तेवढी आपापल्या रंगात शिल्लक आहेत. हे ज्याला देऊ केलं होतं त्या श्चुकिनने, मातिसची एवढी चित्रं घेणाऱ्या माणसाने, हे घेतलं नाही. न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आलं ते थेट १९४९ ला.

उत्तरेचा_कोपरा:
काळ्या चौकोनाबद्दल. आधी तो चौकोन नीट चौकोन आहे का ते बघा. नाहीये, कडा किंचित वाकड्यातिकड्या आहेत, हाताने रंगवलेल्या कळतात. दुसरं म्हणजे भेगा. पूर्ण काळ्या भागावर जाळं पसरलंय आणि त्या भेगांतून खालचे रंग दिसतात. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीने २०१५ मध्ये तपासणी केली तेव्हा काळ्याखाली आधीच्या दोन रंगीत रचना सापडल्या. खालचा थर पुरता सुकायच्या आत वर काळा चढवला की असं तडकणारच, हे तेलकट_बोटं यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

इतिहास नको म्हणालात तरी एक गोष्ट सांगतोच कारण ती नजरेचीच आहे. डिसेंबर १९१५ मध्ये पेत्रोग्रादच्या (आजचं सेंट पीटर्सबर्ग) प्रदर्शनात मालेविचने हे चित्र इतरांसारखं भिंतीवर समोर नाही लावलं, वर छताला लागून दोन भिंतींच्या कोपऱ्यात लावलं. रशियन घरात तो कोपरा देवाच्या प्रतिमेचा. म्हणजे आत येणाऱ्याची मान आपोआप वर जाणार, आणि तिथे प्रतिमेच्या जागी हा चौकोन. मोबाईलवर ती मान वर होत नाही, माझ्या मते तुमची अडचण तिथेच आहे.

निळे_घोडे:
वरचं दोन्ही पटलं, पण प्रत्येक चित्राच्या खालच्या थरात जायलाच हवं असं मला वाटत नाही. पिकासोच्या 'अविन्योंच्या मुली' (१९०७) समोर नुसतं उभं राहिलं तरी उजवीकडच्या दोघींचे मुखवट्यासारखे चेहरे अंगावर येतात, आणि ते जवळजवळ अडीच मीटर उंचीचं आहे हे विसरू नका. आकार आधी वाचायचा आणि मग घरातल्या भिंतीवर टेप धरून बघायचं, ही माझी सवय.

एक चित्र मात्र माझ्याकडून घ्याच. फ्रान्झ मार्कचं 'प्राण्यांचं प्राक्तन', १९१३. मार्क १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धात व्हर्दूंच्या लढाईत मारला गेला आणि त्याच वर्षी गोदामाच्या आगीत या चित्राचा उजवा भाग जळाला. तो पुन्हा रंगवला त्याच्या मित्राने, पाउल क्लेने. क्लेला हुबेहूब रंग जमले नसते असं कोण म्हणेल, पण त्याने तो भाग मातकट, मंद ठेवलाय. डावीकडून नजर नेत नेत जा, एका जागी सगळा रंग विझतो. मित्राची जखम झाकायची नाही असं ठरवलेलं असणार, मला तरी तसंच वाटतं. हे चित्र स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला आहे.

कोरा_कागद:
आत्ता तासभर रेड स्टुडिओच बघत होतो. घड्याळाच्या कडा, मग खुर्ची, मग टेबलावरची ती खडूंची पेटी. आता ते लाल पान वाटत नाहीये, लाल वरून ओतलंय आणि खाली अख्खी खोली आहे असं वाटतंय. मार्कचं आज रात्री. काळ्या चौकोनाच्या भेगा मात्र मला दिसल्याच नाहीत, एकदम गुळगुळीत आहे तो.

उत्तरेचा_कोपरा:
मग तुम्ही दुसराच उघडलाय. मालेविचने तो चौकोन नंतर पुन्हा रंगवला, एकूण चार आहेत. १९१५ चा शोधा, साडेएकोणऐंशी सेंटीमीटरचा. १९२३ चा त्याहून मोठा आहे, १०६ सेंटीमीटर.