दानत : हा शब्द ‘दान’वरूनच आलाय ना?

परवा आजीला घेऊन कॅम्पातून येत होतो, रिक्षावाल्याला सिनॅगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, म्हटलं तर त्याला कळेना, लाल देऊळ म्हटल्यावर लगेच हो म्हणाला. त्या आवारातच ते बांधायला घेणारे ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांची कबर आहे, पुण्याच्या ससून दवाखान्याला नाव आहे ते यांचंच. १८६४ ला पुण्यातच गेले ते, तेव्हा देवळाचं बांधकाम चालूच होतं, पूर्ण झालं १८६७ ला, म्हणजे त्यांनी स्वतः ते पुरं झालेलं बघितलंच नाही. आजीला हे सांगितलं तर ती गप्पच झाली, कारण ससून हे माणसाचं नाव आहे हेच तिला इतकी वर्षं माहीत नव्हतं, आमच्याकडे “तुझा बाबा ससूनला झाला” एवढंच ऐकलेलं. मग म्हणाली, “पैसा पुष्कळांकडं असतो रे, दानत लागते.” तेव्हापासून डोक्यात हाच शब्द आहे. ‘दान’ला ‘त’ कुठून लागला?

———

नाही, दानचा इथे संबंध नाही. दानत हा अरबी ‘दियानत’वरून आलेला, मूळ अर्थ सचोटी, धर्माने वागणं. म्हणून तर आपण “त्याची दानत फिरली” म्हणतो, तिथे देण्याघेण्याचा प्रश्नच नसतो, नियत बिघडली एवढंच. दानसारखा ऐकू येतो म्हणून देण्याचा अर्थ चिकटला असावा असं मला वाटतं. आणि मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे ससून मूळचे बगदादचे, १८३२ च्या सुमारास मुंबईत आले, शेवटपर्यंत बगदादी पोशाखातच राहिले, घरची भाषा अरबी. म्हणजे आजींनी त्यांच्यासाठी जो शब्द वापरला त्याचं मूळ त्यांच्याच घरच्या भाषेतलं!

———

यात हिब्रूचीही भर घालतो. ज्यू लोक दानधर्माला ‘त्सदाका’ म्हणतात आणि त्याचं मूळ न्याय या अर्थाच्या शब्दात आहे, म्हणजे उपकार म्हणून नाही तर देणं लागतो म्हणून द्यायचं. दानशूर म्हटलं की सगळं लक्ष देणाऱ्याच्या मोठेपणाकडे जातं, त्सदाकात तसं होत नाही. आणि ‘ससून’ म्हणजे हिब्रूत आनंद, हे ससूनच्या वॉर्डाबाहेर डबा घेऊन बसलेल्या माणसाला सांगावंसं वाटतं.

———

पण मग एक अडचण आहे. ससूनांचा पैसा कापसाचा तसाच चीनला जाणाऱ्या अफूचाही होता. मूळ अर्थ सचोटी धरला तर दानत म्हणायचं का?

———

रास्त प्रश्न आहे, आणि अफूचं लपवू नयेच. मी नुसतं “त्यांची दानत” असं लिहिणार नाही, “देण्याची दानत” असं लिहीन, म्हणजे धंद्याच्या सचोटीबद्दल आपण काही बोललो असं होत नाही. देण्याची दानत मात्र निर्विवाद होती. दवाखाना, भायखळ्याचं सिनॅगॉग, गुन्ह्यात सापडलेल्या पोरांना हातात काम यावं म्हणून काढलेली शाळा, यातलं पुण्याच्या दवाखान्याचं दार तर ज्यू असो नसो, सगळ्यांना उघडं. आजींचं वाक्य त्याच अर्थाने आहे, अगदी बरोबर आहे, त्यांना सांगा.