मदत हवी आहे : बॉडी लोशनमधला सुगंध जुना झाला, हे ओळखायचं कसं?

घरच्यांपुरतं बॉडी लोशन बनवते, विक्री नाही. पाण्यातलं साधं इमल्शन, पीएच 5.5, प्रिझर्वेटिव्ह फिनॉक्सीइथेनॉल, सुगंधी तेल 0.5 टक्के. इफ्राच्या (सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना, ती सुगंधांच्या सुरक्षित वापराच्या मर्यादा ठरवते) प्रमाणपत्रात 5ए गटाची, म्हणजे बॉडी लोशनची, मर्यादा याहून बरीच वर आहे.

लोशन हळूहळू तपकिरी होतं. तेलात व्हॅनिलिन (व्हॅनिलाच्या वासाचा, हळूहळू तपकिरी होणारा घटक) आहे, त्यामुळे रंगाचं कारण कळतं आणि त्याची मला फारशी चिंता नाही. काळजी वेगळीच आहे. त्याच तेलात लिनालूल आणि लिमोनीन हे सुगंधी घटकही आहेत. हवेशी संबंध आला की त्यांची हायड्रोपेरॉक्साइडं (ऑक्सिजनशी संयोग होऊन बनणारी पेरॉक्साइडं) बनतात आणि खरी अ‍ॅलर्जी त्यांचीच येते. माझ्या बहिणीची त्वचा लगेच चिडते, म्हणून हे अंदाजावर सोडायचं नाही.

गडद बाटली, एअरलेस पंप, थंड जागा, लोशनमध्ये व्हिटॅमिन ई, हे सगळं आधीपासून आहे. बिनवासाचं लोशन करून पाहिलं, ते पांढरंच राहतं. 'सुगंध काढूनच टाक' हा सल्ला मान्य आहे, पण आईला वास हवा असतो. बहिणीसाठी बिनवासाचं वेगळं करतेच, तरी बाटल्या अदलाबदल होतात.

इफ्रा या दोन घटकांसाठी पेरॉक्साइडची मर्यादा लिटरला 20 मिलिमोल सांगते. पुरवठादाराच्या कागदांत हा आकडाच नाही. तो घरी, टायट्रेशनने (मोजून द्रावण थेंबथेंब घालत प्रमाण काढायची पद्धत), विश्वासाने मोजता येतो का, की प्रयोगशाळेतच द्यावं लागेल? आणि तेलाची बाटली उघडल्यावर त्यात 0.1 टक्के बीएचटी (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) घातलं तर उपयोग होतो, की ते तेल तयार होतानाच घालायला हवं?