वाचनगट सुरू करायचाय, खाण्याचं काय करावं?

पानखूण: आम्ही काही मैत्रिणी महिन्यातून एकदा भेटून पुस्तकावर बोलायचं म्हणतोय. पण कोणीतरी म्हणालं खायला काहीच नसेल तर लोक येणार नाहीत, आणि खाणं जास्त झालं की पुस्तक बाजूलाच राहतं. काय करता तुम्ही?

रातवाचक: चहा आणि कोरडं काहीतरी, बस. तेलकट नकोच, पानांवर बोटं उमटतात आणि पुस्तक लायब्ररीचं असलं की मेलोच. ज्याच्या घरी भेट त्याने फक्त चहा करायचा, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका, नाहीतर दर वेळी एकेक पदार्थ वाढत जातो आणि मग ज्याला स्वयंपाकाचा कंटाळा तो घरी बोलवायचंच टाळतो.

खिडकीपाशी: +१. खाणं शेवटी ठेवा पण. आणि सहा-आठ जणं पुरे, जास्त झाले की दोघंच बोलतात, बाकीचे माना डोलावतात. सुरुवातीला जाड कादंबरी नको, एखादी कथा घ्या आणि तिथेच आळीपाळीने मोठ्याने वाचा, म्हणजे "वाचून झालं नाही गं" हे कारणच उरत नाही. ऐकताना वेगळीच मजा येते, आपण घाईत उडी मारून गेलेलं वाक्य दुसऱ्याच्या आवाजात एकदम लक्षात येतं. पुस्तक आवडलं का असं विचारू नका, हो-नाहीवर गप्पा संपतात. कुठे अडखळलात ते विचारा.

पानखूण: मोठ्याने वाचायचं डोक्यातच नव्हतं! पण आमच्यातली एक जण वाचताना लाजेल, तिला जबरदस्ती करायची का?

खिडकीपाशी: छे, तिला चहा ओतू दे की :)