कॅलगरीत अळसांदे (गोव्याकडची चवळी) कधी पेरावेत? लेकीसाठी सल्ला हवाय

डिचोलीची_आई
लेक कॅनडात कॅलगरीला असते. तोणाकासाठी (खोबऱ्याच्या वाटणाच्या रश्शासाठी) तिला परसात अळसांदे लावायचेत. गेल्या वर्षी मेच्या पहिल्याच आठवड्यात तिने बी टोकलं. आठ दिवसांनी उकरून बघितलं तर दाणे फुगून बुळबुळीत, चिमटीत धरताच साल सुटत होती. कोंब एकालाही नाही. आपण भात कापून झालं की नोव्हेंबरात शेतातल्या ओलीवर पेरतो, तेव्हा असं कधी झालं नाही. यंदा तिला कधी पेरायला सांगू?

सत्तरीचा_शेतकरी
ताई, बी थंडीने गेलं. आपली माती नोव्हेंबरातही कोमट असते. गार मातीत दाणा पाणी पितो, पण उगवायची ताकद येत नाही नि कुजतो. पेरल्यावर भरमसाट पाणी देऊ नको म्हणावं.

फोंड्याचा_कृषीवाला
काकू, तारीख धरू नका, मातीची ऊब धरा. स्वयंपाकघरातला टोकदार तापमापक सकाळी दोन इंच खोल खुपसायचा. चार-पाच दिवस सलग १८ अंशांच्या वर दाखवला तरच पेरायचं. कॅलगरीत मेअखेरपर्यंत दव गोठू शकतं, म्हणजे जून उजाडणारच. सप्टेंबरच्या मध्यापासून पुन्हा तीच भीती. मधल्या दिवसांतही रात्री गार असतात, त्यामुळे वाढ रेंगाळते. म्हणून मेच्या मध्याला घरातच कागदी पेल्यांत रोपं करावीत आणि जूनमध्ये पेल्यासकट लावावीत. मुळांना धक्का बसलेला चवळीला चालत नाही. वाफ्यावर आधी दोन आठवडे काळं प्लास्टिक अंथरलं तर माती लवकर तापते.

आता बियाण्याचं. पेरणीच्या वेळेइतकंच हेही महत्त्वाचं आहे. आपला अळसांदा हिवाळ्यातल्या साडेअकरा तासांच्या दिवसात फुलतो. तिथे जूनमध्ये साडेसोळा तास उजेड. चवळीचे बरेच गावठी वाण दिवस लहान झाल्याशिवाय फुलतच नाहीत. नुसता वेल माजेल. त्यामुळे दिवसाच्या लांबीवर न अडणारं, ६०-७० दिवसांत शेंगा देणारं बुटकं वाण तिने तिथेच विकत घ्यावं. इथून बी पाठवू नका, नियम कडक आहेत.

साखळीकर_एडमंटन
वरचं अक्षरशः खरं आहे. पहिल्या वर्षी मी गावचंच बी लावलं. वेल कुंपणावर चढला, कोवळ्या पानांची भाजी भरपूर खाल्ली, पण फूल दिसलं सप्टेंबरात. एका रात्रीत सगळी पानं काळी पडली. गेल्या वर्षी बुटकं वाण दक्षिणेकडच्या भिंतीलगत लावलं, ऑगस्टअखेर कोवळ्या शेंगा मिळाल्या. सुक्या दाण्याची आशा मात्र धरू नका, जेमतेम मूठभर झाले.

डिचोलीची_आई
तिच्याकडे दक्षिणेला विटांची भिंत आहे, तिथेच लावायला सांगते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेलं बी पाठवायला डब्यात भरून ठेवलं होतं. ते आता रविवारी भिजत घालीन. सगळ्यांचे मनापासून आभार.