मदत हवी आहे: मराठीतून स्पीच थेरपी, मुलुंड ते दादर

मुलगा सव्वातीन वर्षांचा. गेल्या महिन्यात ऑटिझमचं निदान झालं. बेरा टेस्ट नॉर्मल, म्हणजे ऐकू नीट येतं. ऑक्युपेशनल थेरपी भांडुपमध्येच सुरू आहे आणि तिथे तो रमतो.

अडलंय ते बोलण्यापाशी. लोकलमधली 'पुढील स्टेशन नाहूर' ही घोषणा तो हुबेहूब, त्याच चालीत म्हणतो. पण तहान लागली की माझं मनगट धरून माठापाशी नेतो, 'पाणी' म्हणत नाही. सध्याच्या स्पीच थेरपिस्ट म्हणतात, घरी फक्त इंग्रजी बोला. दिवसभर तो आजीजवळ असतो, तिला मराठीच येतं. तिनं त्याच्याशी बोलणं थांबवायचं का? हे मला अजिबात पटत नाही. घरची भाषा सोडायची काही गरज नाही, असं आमच्या डॉक्टरांनीही स्पष्ट सांगितलंय. चित्रांची कार्डं आम्ही मराठीतच वापरतो. 'दही'चं कार्ड तो आता स्वतःहून आणून देतो.

आम्ही दोघंही नोकरीला, त्यामुळे संध्याकाळी सहानंतर किंवा शनिवारीच जमेल. सेशनला हजारापर्यंत झेपेल. ऑनलाइन नको, स्क्रीनसमोर तो बसत नाही. यूडीआयडीसाठी, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्रासाठी, अर्ज केलाय. कार्ड आलं की केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या, एक लाखापर्यंतच्या निरामय आरोग्य विम्यासाठी अर्ज करणार आहोत.

मुलुंड ते दादर पट्ट्यात मराठीतून शिकवणाऱ्या आणि आजीलाही सेशनमध्ये बसू देणाऱ्या स्पीच थेरपिस्ट कुणाच्या अनुभवातल्या आहेत का? आणि निरामयमधून खासगी थेरपीचे पैसे कुणाला परत मिळाले असतील, तर बिलासोबत कोणकोणते कागद जोडावे लागले?