उपनगरातल्या घरांची रहस्यं: पोट भरलेल्यांची भीती?

चाफेकळी
काल ग्रंथकीटक यांनी लिहिलं की नवरा-बायको, शेजारी आणि एक बेपत्ता बाई एवढ्या भांडवलावर चालणाऱ्या इंग्रजी कादंबऱ्या म्हणजे 'पोट भरलेल्या बायकांची भीती', शेवटची कलाटणी काढली की खाली काही उरत नाही. वाचून खरंच चिडचिड झाली, म्हणून सविस्तर लिहिते.

गिलियन फ्लिनची 'गॉन गर्ल' (२०१२) घ्या. कलाटणी बाजूला ठेवा. निक आणि एमी न्यूयॉर्क सोडून मिसुरीत का येतात? मंदीत दोघांच्याही नोकऱ्या जातात, निकची आई आजारी असते. मिसिसिपीच्या काठी ज्या वसाहतीत ते भाड्याने राहतात तिथली बरीचशी घरं रिकामी, कर्जापायी गेलेली. दार उघडं दिसलं म्हणून निकला फोन करायला समोर एक माणूस आहे, एवढाच काय तो शेजार. पोट भरलेलं कुणाचं?

आणि ही भीती आजची नाही. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ साली लेव्हिटाउन हे उपनगर उभं राहायला लागलं, तेव्हा करारातच लिहिलेलं होतं की घरकामाचे नोकर सोडले तर गोऱ्यांखेरीज कुणी इथे राहायचं नाही. १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटाउनमध्ये पहिलं कृष्णवर्णीय कुटुंब आलं, तर घरासमोर जमाव जमला, दगडफेक झाली. वरून सगळं नीटनेटकं, आणि कोण आत येतंय यावर डोळा. रहस्यकथा इथे नाही घडणार तर कुठे?

ग्रंथकीटक
इतिहास उत्तम. तो कादंबऱ्यांत कुठे आहे, ते सांगा. एक 'गॉन गर्ल' दाखवून बाकीच्या रद्दीला सूट मिळत नाही. दर पुस्तकात तोच संगमरवरी ओटा, तीच वाइन, आणि बाईच्या आठवणीवर विश्वास ठेवायचा नाही कारण ती गोळ्या घेते किंवा पिते. पॉला हॉकिन्सच्या 'द गर्ल ऑन द ट्रेन'मध्ये (२०१५) रेचल पिते, विसरते, आणि शेवटी कळतं की नवऱ्यानेच तिच्या डोक्यात खोट्या आठवणी भरल्या. ही लेखिकेने वाचकाशी केलेली लबाडी आहे.

अर्धवाचक
अहो, मी निम्म्यावर आहे त्या पुस्तकाच्या! शेवट सांगण्याआधी एक ओळ सूचना देता येत नाही का? दर चर्चेत हेच होतं.

एडिसनकर
लबाडी? ग्रंथकीटक, तुम्ही हे फार सहज लिहिलंत.

न्यू जर्सीत आमच्या शेजारी एक मराठी जोडपं होतं. ती एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या बायकोच्या व्हिसावर आलेली; तेव्हा त्यावर नोकरी करायची नाही. तिला गाडी येत नव्हती, रस्त्याला फुटपाथ नाही, सर्वांत जवळचं दुकान हायवेच्या पलीकडे. नवरा गॅस चालू करून ठेवायचा आणि तूच विसरलीस म्हणायचा. तिचा पासपोर्ट त्याच्या कपाटात, आणि तो तूच हरवलास म्हणून तिला रडेपर्यंत शोधायला लावायचा. गणपतीत मंडळात ती उकडीचे मोदक वळायला बसली की बायका म्हणायच्या, नशीब काढलंस. आम्हाला कुणालाच कळलं नाही. रेचल मला खोटी वाटत नाही. दक्षिण आशियाई बायकांसाठी 'मानवी' ही संस्था १९८५ पासून न्यू जर्सीतच काम करते, ती उगीच नाही.

ग्रंथकीटक
वाईटच आहे हे. पण २०१५ पासून एच-फोरवाल्यांना काम करता येतं. जुन्या गोष्टीवर साहित्याचा न्याय करू नका.

एडिसनकर
अर्धवट माहिती देऊ नका! सगळ्यांना नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलेली असेल, तरच बायकोला अर्ज करता येतो. म्हणजे तिचा पगार त्याच्या कागदांवर अवलंबून. घटस्फोट झाला तर व्हिसाच जातो. आणि भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग किती वर्षांची आहे, विचारा कुणालाही.

गिरगावकर
म्हणूनच म्हणतो, आपली चाळ बरी. सामायिक गॅलरी, दारं उघडी, कुणाचं काही लपायचं नाही. आणि मराठीत रत्नाकर मतकरींच्या गूढकथा असताना मिसुरीच्या घरांत कशाला शिरायचं? तरुण मुलं मतकरी वाचत नाहीत, हे माझं खरं दुःख आहे.

चाफेकळी
मतकरी मीही वाचते, त्यावर वाद नाही. पण चाळीचं कौतुक मला सांगू नका. मी लालबागच्या चाळीत वाढले. तिसऱ्या खोलीतला माणूस बायकोला मारायचा. भांडी आपटल्याचा आवाज आला की माझी आई रेडिओ मोठा करायची, पलीकडच्या काकू दार ओढून घ्यायच्या. सकाळी नळावर ती बाई पदर कपाळावर ओढून यायची आणि सगळ्या तिला आधी पाणी भरू द्यायच्या. सगळ्या मजल्याला माहीत होतं. मध्ये कुणी पडलं नाही.

गिरगावकर
आमच्या चाळीत पडायचे. माझे वडील पडलेत. सगळ्या चाळींना एका मापाने मोजू नका.

ग्रंथकीटक
विषय व्हिसावरून नळावर गेला. असो. रेचलपुरतं एडिसनकरांचं मान्य करतो, लबाडी हा शब्द मागे घेतो. तेवढंच. संगमरवरी ओट्यांच्या पुस्तकांबद्दल एक अक्षर बदलणार नाही.

एडिसनकर
व्हिसा हा विषय सोडून नव्हता. ती बाई आता टेक्सासमध्ये स्वतः गाडी चालवून कामावर जाते. 'द गर्ल ऑन द ट्रेन' मला तिनेच दिलं होतं, वाच म्हणून.