सल्ला हवा: '४०० इन १' गेम घेतला, आत बघण्यासारखं काहीच नाही

मिरजेचा_मामा: मंडळी, भाच्याला वाढदिवसाला हातात धरून खेळायचा तो छोटा गेम घेतला. ब्रँड वगैरे काही नाही, डब्यावर '४०० इन १' एवढंच. पहिल्या दिवशी पोरगं खूश, दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं. लिस्ट खाली सरकवत गेलं की तेच ते परत येतंय, मारिओ चार नावांनी आहे, एकात नुसता शर्टाचा रंग बदललाय, एक डायरेक्ट मधल्याच लेव्हलपासून सुरू होतो. त्याला क्रिकेट पाहिजे होतं, बॅटचं चित्र बघून लावलं तर बेसबॉल निघालं. सेव्ह पण होत नाही, बंद केला की पुन्हा श्रीगणेशा. मोबाईल द्यायचा नाही असं ताईचं फर्मान आहे. बजेट ४ हजार, वर एक रुपया नाही. काय घेऊ?

गेमर_कोथरूड: निन्टेन्डोचा स्विच २ घ्या, विषय संपला. जून २०२५ मध्ये आलाय, जुन्या स्विचचे बहुतेक गेम पण चालतात त्यावर. भारतात ऑफिशियल विकत नाहीत, मी दुबईहून मागवला. मक्खन चालतो.

हिशेबनीस: अहो ४ हजार म्हणालेत ते!! तो अमेरिकेतच ४५० डॉलरला निघाला, म्हणजे इथं चाळीस हजाराच्या आसपास. वर कार्ड वेगळं. गेम साठवायला साधं मायक्रोएसडी चालत नाही, एक्सप्रेसच लागतं.

गेमर_कोथरूड: एकदाच खर्च होतो दादा. स्वस्तात जाऊन काय मिळालं ते वर दिसतंयच.

नव्वदीचं_पोरगं: बेसबॉल का निघालं सांगतो. या डब्यांमध्ये आपल्या लहानपणीच्या टीव्ही गेमचीच नक्कल असते, म्हणजे जपानचा १९८३ चा फॅमिकॉम, ८ बिट. जपान्यांना क्रिकेटशी काय देणंघेणं. त्या मशीनच्या बाहेरदेशी आवृत्तीवर १९९२ ला एक क्रिकेट आलं होतं, ते पण ऑस्ट्रेलियात. आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत पिवळी कॅसेट फुंकून लावायचो, तीवर ९९९९९९ इन १ लिहिलेलं असायचं, तुमचं ४०० तरी प्रामाणिक म्हणायचं.

सोल्डरवाला: फुंकून काही होत नाही, उलट तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. कॅसेट काढून परत बसवली म्हणून चालायची.

नव्वदीचं_पोरगं: आमची फुंकूनच चालायची.

अंगण_बरं: गेम कशाला पण? बॅट बॉल द्या आणि ग्राउंडवर सोडा. ५०० रुपयात काम.

हिशेबनीस: मे महिन्यात मिरजेत दुपारी एकला कुठलं ग्राउंड ओ?

पीएसपी_प्रेमी: सेकंडहँड पीएसपी बघा, सोनीचा जुना हातात धरायचा गेम. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात अजून, घासाघीस करा. ब्रायन लाराच्या नावाचं २००७ चं क्रिकेट आहे त्यावर. माझा अजून ठणठणीत आहे, फक्त बॅटरी फुगली होती म्हणून बदलली, आणि डिस्कचं झाकण रबर लावून बंद ठेवतो.

सोल्डरवाला: याला ठणठणीत म्हणतात होय.

मामा, तुमच्या बजेटात आर३६एस नावाचा हातात धरायचा गेम बसेल. साडेतीन इंची स्क्रीन, आत लिनक्स, फॅमिकॉमपासून पहिल्या प्लेस्टेशनपर्यंत व्यवस्थित चालतं, पीएसपीचे जड गेम मात्र अडखळतात. मधेच सेव्ह होतं. पण एक लक्षात ठेवा, सोबत येणारं मेमरी कार्ड फालतू असतं, कधी मरेल नेम नाही. आल्याआल्या सगळं कॉम्प्युटरवर कॉपी करून चांगल्या कंपनीच्या कार्डावर टाका. आणि याच्या नकलांच्याही नकला आहेत, आतला स्क्रीन वेगवेगळा असतो, त्यामुळे दुसऱ्याच्या कार्डाची कॉपी मारली तर कधीकधी नुसता काळा पडदा येतो. मूळ कार्डावरच्या डीटीबी फाइली, म्हणजे आत कुठला स्क्रीन आहे ते मशीनला सांगणाऱ्या, जपून ठेवा.

नियमात_राहा: त्यात भरून दिलेले गेम चोरीचेच असतात, तेही सांगा की.

सोल्डरवाला: असतातच. ४०० वाल्यात काय लायसन घेतलेले आहेत का?

गेमर_कोथरूड: म्हणून म्हणतो स्विच २.

पुण्याची_आत्या: सेकंडहँड पीएसपी बघा, आमच्या शेजाऱ्यांकडे आहे, छान चालतो. (वर कोणी सांगितलं असेल तर सॉरी, सगळं वाचलं नाही.)

मिरजेचा_मामा: सगळ्यांचे आभार. आर३६एस जवळजवळ ऑर्डर केलाच होता, पण ते कार्ड, फाइली, काळा पडदा वाचून हात आखडला, माझ्याकडे कॉम्प्युटर ऑफिसात आहे फक्त. शेवटी गल्लीतल्याच दुकानातून '५०० इन १' घेतला, ४५० रुपये, सोबत वायरचा दुसरा कंट्रोलर. टीव्हीला जोडला, टँकवाला गेम लावला, आता भाचा मलाच गोळ्या मारतोय आणि माझाच किल्ला फोडतोय. आपलाच आहे म्हटलं तरी ऐकत नाही. लिस्ट तीच आहे, शेवटचे १०० तर पहिल्याच १०० सारखे वाटतात. पण पोरगं हलायला तयार नाही.

सोल्डरवाला: एवढं टाइप केलं मी.

गेमर_कोथरूड: 🤦

पीएसपी_प्रेमी: जुना ४०० वाला पडून असेल तर द्या मला. त्यात बीएल-५सी बॅटरी असते बहुतेक, वडिलांच्या नोकिया ११०० ला लागेल.